पुसायचे कोणी हे ठरले, जपायचे कोणी?

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्या नियमांत एक तरतूद अशी आहे की, ज्या समाजमाध्यमांचे देशात किमान दोन कोटी नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्यांनी तीन वर्षे न फिरकलेल्या वापरकर्त्याची व्यक्तिगत माहिती, थोडे अपवाद वगळता, पुसून टाकायची. पुसण्याआधी निदान ४८ तास त्याला तसे कळवायचे. अंमलबजावणीला अठरा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीवरच्या ज्या चर्चा मी ऐकल्या त्यांत दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, झाले ते बरे झाले. विसाव्या वर्षी केलेला वेडेपणा चाळिसाव्या वर्षापर्यंत माणसाच्या मानगुटीवर का बसावा? दुसरी म्हणते, पुसण्याची सोय झाली की तिचा फायदा सगळ्यांत आधी पुढारी, ठेकेदार आणि लबाड माणसे घेतील. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघींच्या बोलण्याच्या तळाशी एकच गृहीतक असते: इंटरनेट काही विसरत नाही, तिथे एकदा गेले ते कायमचे राहिले.

हे गृहीतक खोटे आहे, आणि त्याच्यामुळे सगळा वाद भलत्या जागी अडकला आहे. इंटरनेट विसरते, भराभर विसरते, आणि काय विसरायचे हे ठरवताना आपल्याला विचारत नाही. आपण कुठली चप्पल पाहिली, कुठल्या दवाखान्याचा पत्ता शोधला, रात्री किती वाजेपर्यंत जागे होतो, या नोंदी जाहिरातदाराच्या कामाच्या असतात, म्हणून त्या सांभाळल्या जातात. आपण काय लिहिले, काय गायिले, कशावर भांडलो, हे कुणाच्याच जमाखर्चात बसत नाही, म्हणून ते एके दिवशी जाते. माझे म्हणणे स्पष्ट आहे. स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क माणसाला हवाच. पण मराठीत जे जाहीरपणे जालावर प्रसिद्ध होते, ते छापील पुस्तकाप्रमाणे सार्वजनिक ग्रंथालयात जमा करण्याची जबाबदारीही कायद्याने कुणावर तरी टाकली पाहिजे. पहिली गोष्ट आपण केली. दुसरीचा साधा उच्चारही होत नाही.

किती आणि कसे गेले ते आधी पाहू. सर्वसामान्य माणसाला फुकटात स्वतःचे पान बांधू देणारी जिओसिटीज १९९४ मध्ये सुरू झाली. याहूने ती १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. काही हौशी लोकांनी रात्रंदिवस राबून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली, म्हणून आज तिचा अंश तरी शिल्लक आहे. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ज्याने एका पिढीला मैत्री करायला शिकवले ते ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आले, ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले. सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळातली गाणी हरवली, असे मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये कबूल केले. ती गाणी लक्षावधी होती. भारतीय भाषांना प्राधान्य देऊ म्हणत आलेले ‘कू’ हे समाजमाध्यम चार वर्षांत, जुलै २०२४ मध्ये, थांबले. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. यात कुणाचे कारस्थान नव्हते. कंपनीचा हिशोब जमला नाही, तिने दुकान बंद केले. जमीन कसणाऱ्याचा जमिनीवर काही हक्क असतो, हे मान्य करायला आपल्याला १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन लागला. जालावर राबणाऱ्याला अजून कूळ म्हणूनही कुणी नोंदलेले नाही.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मावशीने २००२ ते २००५ च्या दरम्यान एका छोट्या संकेतस्थळावर चाळीसेक लेख लिहिले होते. तिच्या सासरच्या घरात बाळंतिणीला काय खाऊ घालत, पावसाळ्याची बेगमी कशी होई, गावातल्या सुईणीचा हात कसा होता, असे विषय. ते संकेतस्थळ कधी बंद झाले ते आम्हाला कळलेसुद्धा नाही. मावशी गेल्यावर तिच्या कपाटात एक सीडी सापडली. तिच्यावर सगळे लेख होते. उघडले तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, डॉलरची चिन्हे यांचा नुसता चिखल. त्या काळी मराठी फॉन्ट बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने अक्षरांच्या जागा ठरवत असे. डोळ्यांना ‘क’ दिसे, संगणकाच्या लेखी मात्र ते रोमन लिपीतले भलतेच अक्षर असे. तो विशिष्ट फॉन्ट असेपर्यंत मजकूर मराठी. फॉन्ट गेला की अगम्य. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण आपली वर्तमानपत्रे, कचेऱ्या आणि लेखक तिकडे वळायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण मोडी शिकण्याचे वर्ग आजही निघतात, आणि दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र त्या वर्गातला विद्यार्थी सहा महिन्यांत वाचू लागतो. वीस वर्षांपूर्वीचे मावशीचे लेख वाचायला मला एका जाणकाराला गाठून, फॉन्ट ओळखून, अक्षर न् अक्षर उलगडून घ्यावे लागले. तरी सव्वीसच हाती लागले. इंग्लंडमध्येही असे घडले आहे. तिथे १०८६ मध्ये राजाने देशभरची जमीनजुमल्याची मोजदाद करून लिहवलेली वही अजून वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने लाखो लोकांच्या मदतीने तयार केलेल्या लेसर तबकड्या पंधरा-सोळा वर्षांत वाचता येईनाशा झाल्या, आणि त्या वाचण्यासाठी खास संशोधन करावे लागले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, गेले ते बहुतेक कचराच होते. शुभ सकाळचे फुलांचे चित्र, उसने विनोद, कुणाच्या तरी जेवणाचे ताट. हे सगळे कशाला साठवायचे? आक्षेपात तथ्य आहे. सगळे साठवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण कचरा कुठला आणि ऐवज कुठला, हे त्याच काळात ठरवता येते, यावर माझा विश्वास नाही. वि. का. राजवाडे गावोगाव दफ्तरे शोधत फिरले तेव्हा ज्यांच्या माळ्यावर ती पडली होती त्यांच्या दृष्टीने ती रद्दीच होती. उंदरांनी कुरतडलेले, पावसात भिजलेले कागदांचे रुमाल लोक वाण्याकडे टाकत होते. त्याच रद्दीतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली, आणि पानिपताआधीच्या दहा वर्षांत उत्तरेत नेमके काय चालले होते हे आपल्याला त्या काळच्या माणसांच्याच शब्दांत कळले. ती पत्रे लिहिणाऱ्याने इतिहासासाठी लिहिली नव्हती. कुणी पैशाची निकड कळवत होता, कुणी घोड्यांच्या चाऱ्याची. राजवाड्यांच्या जागी ‘महत्त्वाचे तेवढेच ठेवा’ म्हणणारा शहाणा माणूस असता, तर करार आणि सनदा उरल्या असत्या, चाऱ्याची चिंता गेली असती.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत, तेव्हा त्या कुणी लिहून घेण्याजोग्या मानल्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, गाणाऱ्या थकल्या. अगदी शेवटच्या घटकेला हे काम झाले. आज सासुरवास, जात, भाऊ, विठ्ठल, आंबेडकर यांबद्दल खेड्यातली बाई मनात काय म्हणत होती, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याला या संग्रहाकडे जावे लागते. आता प्रश्न असा की, आजची ओवी कुठे आहे? ती मोबाइलमध्ये आहे. भारतात २९ जून २०२० ला ५९ चिनी अॅपवर बंदी आली. बंदीच्या कारणांबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. पण त्या ५९ मध्ये टिकटॉक होते, आणि टिकटॉकवर उसाच्या फडातून, वीटभट्टीवरून, एसटीच्या मागच्या बाकावरून, शेणाने सारवलेल्या अंगणातून चित्रफिती येत होत्या. ज्या बोलींना पुस्तकात आणि दूरदर्शनवर कधी प्रमाण मानले गेले नाही, त्या बोलींत माणसे कॅमेऱ्यात थेट पाहून बोलत होती. एका रात्रीत तो दरवाजा बंद झाला. ते सगळे चांगले होते असे नाही, बरेच बटबटीत होते. पण विसाव्या शतकातल्या खेड्याच्या आवाजासाठी आपण जात्यापाशी जातो, तसे २०१९ च्या खेड्याच्या आवाजासाठी उद्याच्या अभ्यासकाने कुठे जायचे?

आणि करोनाचे काय? १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगबद्दल आपण आजही बोलू शकतो. घरझडतीत काय झाले, लोक कशाने चिडले, २२ जूनला रँडवर गोळी का चालली, याचे सरकारी अहवाल आहेत, केसरीचे अंक आहेत, आठवणी आहेत. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात काय झाले हे कशात लिहिले आहे? मृत्यूंचे आकडे असतील, शासननिर्णय असतील, वर्तमानपत्रे असतील. पण तो महिना जगला गेला तो फोनवर. ‘ऑक्सिजनचा बेड कुठे आहे’, ‘रेमडेसिविर मिळेल का’, ‘या नंबरवर आत्ताच बोलले, खरा आहे’, ‘हा नंबर आता लावू नका, काका गेले’. अनोळखी मुलामुलींनी रात्र-रात्र जागून याद्या बनवल्या, प्रत्येक नंबर फिरवून पाहिला, तासातासाला दुरुस्त केल्या. शासनाची यंत्रणा हतबल झाली होती तेव्हा नागरिकांनी बोटांनी उभारलेली ती एक यंत्रणा होती. मला माहीत असलेल्या अशा तीन याद्यांपैकी एकही आता उघडत नाही. ज्यांनी त्या केल्या त्यांचे फोन बदलले, खाती बदलली, आणि त्यांतल्या कुणालाही हा दस्तऐवज आहे असे वाटले नव्हते. शंभर वर्षांनी कुणी विचारेल की त्या महिन्यात माणसे एकमेकांशी कशी वागली, तर आपल्यापाशी दाखवायला काय असेल?

इथे सगळ्यांत वजनदार आक्षेप उभा राहतो आणि तो मी टाळणार नाही. त्या याद्यांत लोकांचे दूरध्वनी होते, आजार होते, नावे होती. ऑर्कुटवर लिहिणाऱ्या मुलीने तिच्या मैत्रिणींसाठी लिहिले होते, इतिहासकारासाठी नव्हे. तिने जे विसरायचे ठरवले ते जपण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ ला दिलेल्या निकालातला स्पॅनिश गृहस्थ हेच तर मागत होता. कर्जापायी त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची जाहिरात १९९८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. कर्ज कधीच फिटले होते, तरी त्याचे नाव शोधले की गूगल तीच जाहिरात पुढे करत असे. त्याची मागणी न्याय्य होती आणि न्यायालयाने ती मान्य केली. पण निकालाने नेमके काय केले, हे आपल्याकडच्या चर्चेत कुणी सांगत नाही. वर्तमानपत्राच्या संग्रहातली जाहिरात तशीच राहिली. नावावरून शोधल्यावर ती समोर येणे तेवढे थांबवायला सांगितले. ठेवणे वेगळे आणि दाखवणे वेगळे, हा फरक त्या निकालाच्या गाभ्याशी आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचाही तोच आधार आहे. दफ्तरखान्यांना हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये जनगणनेची घराघरातली माहिती शंभर वर्षे बंद ठेवतात. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. डेन्मार्कने २००५ पासून कायद्यानेच आपल्या देशाचे जाल जमा करायला घेतले, पण तो संग्रह कुणीही घरबसल्या चाळू शकत नाही. अर्ज करणाऱ्या संशोधकालाच तो उघडतो. आणि खासगी गप्पांना तर हात लावायचाच नाही. मी बोलतो आहे ते जाहीरपणे प्रसिद्ध केलेल्या मजकुराबद्दल, आणि त्यातही लिहिणाऱ्याने ‘नको’ म्हटले तर त्याचे ऐकले पाहिजे. करोनाच्या याद्यांतून नंबर आणि नावे खोडून टाकली तरी त्या महिन्याची हकीकत उरते.

आपल्या नव्या कायद्यात या फरकाला जागा आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. संशोधन, अभिलेखन आणि सांख्यिकी यांसाठी, ठरावीक निकष पाळून, त्यात सूट आहे. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्या दारातून आत जाणारी संस्था आपल्याकडे नाही. मुद्रित पुस्तकाचे तसे नाही. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. १९५६ मध्ये वर्तमानपत्रे-नियतकालिकेही त्यात आली. गल्लीतल्या कवीच्या चोवीस पानी संग्रहालाही हा कायदा लागू आहे. तो संग्रह चांगला की वाईट, हे तिथे कुणी विचारत नाही. सगळे प्रकाशक तो पाळतात असे नाही, हे मला ठाऊक आहे, पण निदान तत्त्व तरी मान्य झालेले आहे. त्याही आधी, १८६७ मध्ये, ब्रिटिशांनी पुस्तकांची नोंदणी सक्तीची केली ती एतद्देशीय काय छापतात यावर नजर ठेवायला. हेतू वाईट होता, तरी त्या याद्या आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाचा माग काढायला उपयोगी पडतात. पुढे शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. मराठी जालाच्या पहिल्या पंचवीस वर्षांची अशी सूची आज कुणी करायला बसला, तर त्याच्या हातात काय पडेल? पहिला दिवाळी अंक १९०९ चा, ‘मनोरंजन’ मासिकाचा. त्याच्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो. २००० नंतरच्या दशकात जालावर निघालेले दिवाळी अंक किती, आणि त्यांतले किती आज उघडतात?

काही जण म्हणतात, हे काम अमेरिकेत होतेच आहे. जालावरची पाने उतरवून साठवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हचे उपकार मी मानतो; ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये ते सुरू केले नसते तर आज आपल्यापाशी एवढेही नसते. पण एका परदेशी ना-नफा संस्थेवर एका भाषेची स्मृती सोपवून निर्धास्त बसणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. प्रकाशकांशी चाललेला मोठा खटला ती संस्था २०२४ मध्ये अपिलातही हरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्यावर सायबरहल्ला झाला आणि ती काही दिवस बंद पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये तर चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवरून मिळवलेल्या न्यायालयीन आदेशामुळे भारतातून ती उघडेनाशी झाली होती. शिवाय तिचे यंत्र दुवे धरून फिरते. ज्याला फारसे दुवे नाहीत असे वाईच्या किंवा उदगीरच्या एखाद्या माणसाचे पान त्याला सापडेलच असे नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग वाचले, याचे एक उत्तर लोक असे देतात की ते गावोगाव लोकांच्या तोंडी होते, संताजी जगनाड्यांनी उतरून घेतले होते. एकाहून अधिक ठिकाणी प्रत असणे, यापलीकडे जपण्याचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

सरकारच्या हाती हे द्यायचे का, या शंकेला मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही. आज जपण्यासाठी जमा केले ते उद्या पाळत ठेवायला वापरले जाईल, ही भीती खरी आहे. १८६७ चा कायदा त्याच भीतीचा पुरावा आहे. म्हणून पैसा आणि कायद्याचे बळ सरकारने द्यावे, पण काय घ्यायचे आणि कुणाला दाखवायचे हे ठरवणारे मंडळ सरकारबाहेरचे असावे, आणि प्रती विद्यापीठांत, ग्रंथालयांत, परदेशातल्या मराठी अभ्यासकेंद्रांतही असाव्यात. राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले तेव्हा सरकारच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. खर्चाचा बाऊही पुरे. साठ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा डेन्मार्क हे वीस वर्षे करतो आहे, आणि एकट्या मुंबईत त्याच्या दुपटीहून अधिक माणसे राहतात. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. तो मिळवताना आपण नाणेघाटातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखाकडे बोट दाखवले. दर्जामागून जो निधी आणि जी केंद्रे येतील त्यांतला एक वाटा कालपरवाच्या मराठीसाठी ठेवायला कुणाची हरकत असावी?

अठरा महिन्यांची मुदत २०२७ च्या मे महिन्यात संपते. त्यानंतर तीन वर्षे न उघडलेल्या खात्यांकडे कंपन्या पाहू लागतील, आणि त्यांत करोनात गेलेल्यांची खाती असतील. कायद्याचे चौदावे कलम माणसाला आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजावायचे ते नेमून ठेवू देते, पण २०२१ मध्ये गेलेल्यांना ती संधी मिळाली नव्हती. ४८ तासांची ती सूचना त्यांच्याच नावाने, बंद पडलेल्या त्यांच्याच क्रमांकावर जाईल. त्यांच्या घरच्यांना सांगावेसे वाटते: पासवर्ड सापडत असेल तर आज रात्रीच खाते उघडा आणि सगळे उतरवून घ्या. कुठल्या ग्रंथालयात नेऊन द्यायचे, ते मात्र अजून मला सांगता येत नाही.